टपावरची घागर

माझ्या मोटारीच्या टपातून पाण्याची धार पडली ती नेमकी माझ्या बहिणीच्या सासूच्या मांडीवर, आणि ती धार तांबडी होती. गेल्याच महिन्यात मी टपाला हौसेनं गेरू कालवून रंग दिला होता. सून कुठं बसणार, पाय कुठं ठेवणार, हे पाहायला ती बाई आधी स्वतः आत चढली होती. तेवढ्यात पावसाची सर आली आणि तिच्या पिवळ्या लुगड्याचं वाटोळं झालं. अकोल्याची ती अख्खी गल्ली दारात उभी होती.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची ही गोष्ट. मोर्शीकडे आमचा संत्र्यांचा आणि भाजीपाल्याचा मळा होता. अमरावतीच्या बाजारात माल न्यायला मी चारी बाजूंनी बंदिस्त अशी एक जुनी मोटार घेतली होती. तिचं सगळं अंग लाकडाचं, टपही फळ्यांचाच. बहिणीच्या लग्नात मी पंगतीत बसून मोठ्यानं सांगितलं होतं, ‘आमच्या बाईले न्याआनाले घरची मोटार हाय.’ कोणी विचारलं नव्हतं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

बहिणीची सासू खाली उतरली, लुगडं पिळलं आणि शांतपणे म्हणाली, “पाव्हने, पोरगी सातव्यात हाय. असल्या वल्ल्या मोटारीत मी तिले धाडत नाही. मोटार कोरडी करा, मंग न्या.”

बहिणीची ट्रंक पुन्हा घरात गेली. तिच्यामागं तीही गेली, माझ्याकडे न पाहता. आठवा लागला की गर्भार बाईला प्रवास नाही. तोवर मोटार कोरडी झाली नाही तर पहिलं बाळंतपण सासरी होणार, म्हणजे चारचौघांत माहेर असून नसल्यासारखंच. आईनं तर खोली सारवून बाज टाकून ठेवली होती.

मी घरी पोचलो तेव्हा आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लेकीची वाट पाहत उभी होती. मोटारीचं दार उघडलं, आत कोणी नाही.

“एकटाच?” ती म्हणाली.

मी झालं ते सांगितलं. ओवाळायला कोणी नव्हतं, म्हणून ती तांब्या घेऊन आत गेली. ओट्यावर बसलेल्या बाबांनी सगळं ऐकलं आणि बैलांना वैरण टाकायला निघून गेले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मोटारीबद्दल ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

मी कामाला लागलो. जिथं थेंब पडला होता त्याच्या बरोबर वर डांबर थापलं. पुढच्या पावसात पाणी हातभर पलीकडे गळलं. तिथं थापलं, तर ते दाराशी गळलं. पाणी चोरासारखं असतं, शिरतं एकीकडून आणि निघतं दुसरीकडून. टपाच्या फळ्यांना आतून पट्ट्या होत्या. पाणी कुठल्यातरी सांध्यातून शिरे, पट्टीच्या कडेनं चालत जाई आणि मनाला येईल तिथं टपकन पडे. मी चिडून मोटारीला लाथ घातली, तर अंगठाच सुजला.

मग एका सकाळी बाबा आले, न बोलता आत शिरले आणि दार ओढून घेतलं. आतून आवाज आला, “टाक पानी.”

पाणी जवळ पडावं म्हणून मोटार विहिरीशी उभी होती. तिथली जमीन मळ्याकडे उतरती आहे, त्यामुळे मोटारीचं तोंड वर आणि पाठ खाली. मी टपावर घागर ओतायचो. थेंब दिसला की बाबा आतून काठीनं ठोकायचे आणि मी वर कोळशानं खूण करायचो. आईनं घरच्या कापसाच्या लांब वाती वळून दिल्या. जवसाच्या तेलात राळ कढवून, त्या वाती त्यात बुडवून, खुरप्याच्या टोकानं आम्ही सांध्यात दाबून बसवल्या. बाबा आत जागा बदलत राहिले. लेक जिथं बसेल तिथं, टेकेल तिथं, पाय पसरेल तिथं. वाटेनं जाणारे थांबून विचारत, “कारे, महादेवाले अभिषेक करून राहिला का?” माझे कान तापत. शेवटी घागरीमागून घागर ओतली तरी आतून काठी वाजेना.

दुसऱ्यांदा अकोल्याला गेलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. सुटलो, असं मला वाटलं. पण ती बाई काय तशी सोडते!

“आभायाचा काय भरोसा?” ती म्हणाली आणि गड्याला विहिरीवरून घागरी भरून आणायला लावल्या. मागच्या फळीवर पांढरं धोतर अंथरून ती त्याच्या शेजारी बसली. “तुमी तुमच्या जागेवर बसा, पाव्हने.” गल्ली पुन्हा जमली. बहीण दारात उभी होती.

मी पुढं चालवायच्या जागी बसलो. पहिली घागर कोरडी गेली. गड्यानं दुसरी ओतली आणि माझ्या टोपीवर थेंब पडला. मग दुसरा, मग बारीक धारच लागली. गल्लीचा उतार पुढं नालीकडे होता, म्हणून इथं मोटारीचं तोंड खाली. घरी जो सांधा कधी भिजलाच नव्हता, त्याच्यावर आता सगळं पाणी जमलं होतं. मी हललो नाही. वर पाहिलं तर सगळे वर पाहतील, म्हणून वरही पाहिलं नाही. टोपी भिजली, पाणी मानेवरून सदऱ्यात उतरलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

बाईनं धोतरावरून हात फिरवला. कोरडं होतं. मग ती उतरून पुढं आली.

“पाव्हने, टोपी कशी वल्ली झाली?”

“घाम हाय, मावशी.”

गल्ली खदखदून हसली. ट्रंक पुन्हा आत जाणार, हे मी धरूनच चाललो. पण तिनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

“गयते तं गयू द्या,” ती म्हणाली. “भावाच्याच डोक्यावर गयते ना, बहिनीच्या तं नाही. जा घिऊन.”

मूर्तिजापूर सोडलं आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. मी चिंब झालो. मागच्या झरोक्यातून बहिणीनं विचारलं, “दादा, घाम लय येऊन राहिला का?” मी हसलो खरा, पण गल्लीतलं ते हसणं कानातून जात नव्हतं.

घरी पोचेस्तोवर अंधारून आलं. आईनं भाकरतुकडा ओवाळला, लेकीच्या पायांवर पाणी घातलं, तिला आत नेलं. बाबा कंदील घेऊन मोटारीत चढले. फळी, भुई, कोपरे, सगळीकडे तळहात टेकवून पाहिला. कोरडं होतं. मग ते पुढं आले आणि माझ्या जागेवर हात ठेवला. तिथल्या गोणपाटातून पचकन पाणी निघालं.

त्यांनी माझ्या भिजल्या टोपीकडे पाहिलं, मग वर टपाकडे.

“साऱ्या जागी बसून पाह्यलं मी,” ते म्हणाले. “इथंच नाही बसलो.”

मी घाईघाईनं सांगू लागलो, की दोष जमिनीच्या उताराचा, मोटार तशी मीच उभी केली होती, मला भिजल्यानं काय होतंय. त्यांनी मान वर केली नाही. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना माझी लाज वाटते आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली तेव्हा ती मला बघवली नाही.

उजाडताच बैलांच्या घुंगरांनी मला जाग आली. बाबांनी बैल जुंपून मोटार फिरवली होती, तिचं तोंड उताराकडे केलं होतं. डोक्याचा पटका सोडून मांडीवर ठेवून ते माझ्या जागेवर बसले होते.

“टाक पानी,” म्हणाले.