खांदा बसवणारी उमैमा

बसऱ्याच्या खजूरबाजारामागे उमैमा हाडं बसवायची. ही विद्या ती शिकली बापाच्या शेळ्यांवर. पुढे फौजेच्या तळावर जखमी माणसं हाताखाली आली, तेव्हा म्हणायची, "शेळ्या बऱ्या, निदान शिव्या तरी देत नाहीत." नवरा गेल्यावर याच हातांच्या जोरावर तिने दोन मुली वाढवल्या.

एका सकाळी दिरारला चौघांनी तिच्या दारात आणलं. शर्यतीत उंट पळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता तोच हात खांद्यातून निखळून लोंबत होता.

"हे बाईमाणसाचं काम नव्हे! मला वैद्याकडे न्या!" तो ओरडला.

"मेल्या, तुला जगात आणलं तेही बाईनेच," सोबत आलेली त्याची आई कडाडली. "गप पड."

उमैमाने खांदा चाचपला. भीतीने आवळून तो दगड झाला होता. जोर लावला असता तर आणखी बिघडला असता. तिने त्याचं कोपर हातात धरलं आणि सहज विचारलं,

"तू त्या लंगड्या उंटांच्या टोळीतला ना रे?"

"लंगडे? आमचे उंट?"

"बाजारात तसंच म्हणतात. तुमच्या सांडणीला गाढवाने मागं टाकलं म्हणे."

दिरारचा पारा चढला. सांडणीची आई, आजी, पणजी, कुणी कुठली शर्यत मारली, सगळं तो तावातावाने सांगत सुटला. बोलता बोलता खांदा सैल पडला. उमैमाने कोपर हलकेच वळवलं. खट्!

दिरार अर्ध्या वाक्यात थांबला. "झालं?"

"झालं की. पण पणजीचं राहिलं, सांग पुढे."

आई हसता हसता रडायलाच लागली. चौघे तर हसून हसून भिंतीला टेकले.

महिनाभर हात गळ्यात बांधून दिरार रोज तेल लावून घ्यायला यायचा, रोज कुरकुरायचा आणि रोज बोलणी खायचा. तिला "खाला", म्हणजे मावशी, म्हणायला कधी लागला, ते त्यालाही कळलं नाही. हात बरा झाल्यावर त्याने गावभर तिचं नाव केलं.

पुढच्या शर्यतींना उंटस्वारांनी शेवटच्या खुणेपाशी तिच्यासाठी काळा तंबू ठोकला. पट्ट्या-कामट्या घेऊन दोन्ही मुली शेजारी बसल्या. दिवसभरात धाकटीने पहिल्यांदाच एकटीने एक मनगट बसवलं. पण ते उमैमाने पाहिलंच नाही. ती तंबूबाहेर, घसा बसेपर्यंत दिरारच्या सांडणीच्या नावाने ओरडत होती.