न धुतलेल्या गोण्या

आम्ही झारेकरी. सोनारांच्या कारखान्यातली आणि दारापुढची धूळ झाडून आणायची, पाण्यात धुवायची आणि तळाला राहिलेला सोन्याचा चूर काढायचा, हा आमचा धंदा. लोक म्हणतात, या बाया गटार साफ करतात. करतोच की. कारागीर दागिन्यावर कानस मारतो तेव्हा कण उडतात, त्याच्या कपड्यांना, पायांना चिकटतात. तो मोरीत हात धुतो ते पाणी गटारात जातं. जळगावात सराफांच्या पेढ्या इतक्या आहेत, की माझं सगळं आयुष्य एका गल्लीत गेलं. त्याआधी चौथीपर्यंत शाळा झाली. लिहिता वाचता येतं, तेवढं पुरलं.

माझा धाकटा भाऊ धुळ्यात हेच काम करतो. राहतो देवपुरात, पांझरेचा पूल ओलांडून सराफ बाजारात जातो. त्याच्याकडे वडिलांपासूनचे तीन कारखाने, तिन्ही एकाच सराफाचे. म्हणजे त्या तिन्ही ठिकाणी दुसऱ्या कोणी झाडू लावायचा नाही. याचा कुठे कागद नसतो. सराफ एवढंच बघतो, की धूळ नेणारा महिना दीड महिन्यात सोन्याची गोळी त्याच्याच पेढीवर विकायला आणतो की नाही. नाही आणली तर सराफाला वाटतं, हा बाहेर विकतोय. मग दसऱ्याच्या सफाईला तो दुसऱ्याला बोलावतो. त्या सफाईत वर्षभराचा मळ निघतो, फरशीच्या फटी खरवडल्या जातात. ती सफाई ज्याने केली, कारखाना त्याचा.

आमच्यात आणखी एक रीत आहे, आणि ती वाईट आहे. धुवायची पाटी, म्हणजे उथळ पसरट भांडं, पुरुषाच्या हातात. बायकांनी झाडायचं, वाहायचं, चाळायचं, पण धुवायला त्यांना शिकवत नाहीत. पुरुषाने पाटी खाली ठेवली किंवा तो वारला, आणि मागे धुणारा मुलगा नसला, तर त्याचा वाटा भाऊबंदांत जातो. मी शिकले, कारण माझ्या नवऱ्याचे हात गेले. सोन्याचा चूर एकत्र करायला पारा लावतात आणि तो पारा जाळतात. त्या धुराने माणसाचे हात हलायला लागतात. शेवटची तीन वर्षं दार लावून मीच धुवत होते. तो वारला तेव्हा तेराव्याला भाऊबंद पाटी मागायला आले. मी अंगणात बसून धुवत होते. ते चहा न घेता परत गेले.

तर धुवायचं सोड, असं सांगायला भावाचा फोन आला तेव्हा श्रावण चालू होता. आम्ही घरात अहिराणी बोलतो, तिच्यात 'शे' म्हणजे 'आहे'; इथे बरंचसं मराठीत सांगते.

"अक्का, आते धवानं सोडी दे. नवं मशीन येणार शे."

"कसानं मशीन?"

"सोनं दखाडानं. मातीवर फिरावं का फक्त सोनंच सांगस. लोखंड नही, पितळ नही."

"कोनी सांगं तुले?"

"मोबाईलमा शे. दिवाळीले बाजारमा येई."

होळीला त्याने सांगितलं होतं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, येईल. आखाजीला म्हणाला पावसाळ्यात. मी म्हटलं, आलं की मला बसायला बोलाव, आणि फोन ठेवला. अशा गोष्टी आमच्या लोकांत नेहमी फिरतात. कोणी म्हणतं ते परदेशात निघालंय, कोणी म्हणतं सरकार दाबून ठेवतंय. भावाने ते व्हिडिओ इतके पाहिले होते, की मशीनचा दांडा किती लांब असेल तेही तो सांगायचा.

दोन दिवसांनी भावजयीचा फोन आला. ती हळू बोलत होती. म्हणाली, "अक्का, घरात गोण्या ठेवायला जागा नाही. रोज झाडून आणतात, पण आखाजीपासून एक गोणी धुतली नाही. म्हणतात, हाताने धुतलं तर बारीक कण वाहून जातात, मशीन आलं की एकदम काढू."

"पेढीवर गोळी दिली का?"

"आषाढात मागची एक ठेवलेली होती ती दिली. आता नाही."

दसऱ्याला दीड महिना होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली.

आमच्याकडे शेतकरी भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवतात. माणसं बाहेर झोपतात आणि कापूस आत. माझ्या भावाने तशी गटाराची माती भरली होती. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून भिंतीला छातीइतकी थप्पी. त्या गोण्यांवर फळी टाकून अंथरूण. भावजय दाराच्या उंबऱ्यापाशी स्टोव्ह घेऊन बसली होती. घराला मोरीसारखा वास येत होता. मी तसं म्हटलं.

भाऊ हसला. "सोनाना वास शे अक्का."

"सोन्याला वास नसतो. तुझ्या घराला आहे."

त्याने मला व्हिडिओ दाखवले. एक माणूस वाळवंटात मशीन फिरवतो, ते वाजतं, तो खणतो आणि वालाएवढा खडा काढतो. मी म्हटलं, आपल्या सराफाने असा खडा गटारात टाकलेला मी पन्नास वर्षांत पाहिला नाही.

"तू जुन्या विचारांची."

"बरं. आण तुझं मशीन."

नवं तर आलं नव्हतं, पण त्याच्या ओळखीच्या एका भंगारवाल्याकडे जुनं होतं. पडक्या गोदामांत जमिनीखालचं लोखंड शोधायला तो ते वापरायचा. वयस्कर माणूस, पांढरी दाढी, गल्लीत सगळे त्याला चाचा म्हणत. तो स्वतः मशीन घेऊन आला, खुर्चीवर बसला, चहा घेतला आणि आधीच सांगून टाकलं, "आपा, ये लोहे का कुत्ता है. सोने पे भौंकेगा, इसकी गॅरंटी नहीं."

भावाने ते पहिल्या गोणीवर धरलं. मशीन वाजलं. दुसरीवर वाजलं. सगळ्या गोण्यांवर वाजलं. भाऊ माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याची माफी मागणार आहे. गल्लीतल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

मी एक गोणी अंगणात ओतायला लावली. पिशवीतून लोहचुंबक काढलं आणि मातीतून फिरवलं. खिळे निघाले, कानशीचा चुरा निघाला, तुटकी सुई निघाली. तांब्याची तार आणि दागिना सांधायच्या डागाचे तुकडे मी आणि भावजयीने हाताने वेचले. मग चाचांना म्हटलं, आता फिरवा. त्यांनी त्याच मातीवर तीनदा फिरवलं. मशीन गप्प.

"म्हणजे यामा सोनं नही," भाऊ म्हणाला.

"धुवून बघ."

तो म्हणाला, नळाला पाणी नाही. भावजयीने पिंप दाखवलं, भरलेलं होतं. मग म्हणाला कंबर दुखते. मग म्हणाला, आज शनिवार आहे, उद्या धवसु. मी पाटी आणून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, मी इतक्या लांबून आले आहे, एक पाटी धू.

तो उकिडवा बसला. पाटीत माती घेतली, पाणी घेतलं. धुण्यात एवढंच कसब असतं, की पाटी गोल फिरवताना हलकी माती कडेवरून जाऊ द्यायची आणि जड काळा चूर तळाला राखायचा. मनगट एका लयीत फिरावं लागतं. त्याची पाटी लयीत फिरत नव्हती. ती थरथरत होती. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि त्या लाटांबरोबर काळा चूर कडेवरून चालला होता. त्याने पाटी मांडीला टेकवली, तरी हललीच.

"पाणी जास्त व्हयनं," तो म्हणाला.

भावजय जमिनीकडे बघत होती. तिला माहीत होतं. चाचांना समजलं की नाही कोण जाणे, त्यांनी मशीन गुंडाळलं आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठले. दारातल्या बायांना मी म्हटलं, तमाशा संपला, घरी स्वयंपाक असतील.

मी हे सगळं घरात एकदा पाहिलं होतं, तरी होळीपासून श्रावण आला, तेव्हा मला कळलं. फोनवर मी त्याला वेड्यात काढत होते. मशीन येईल की नाही, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. पाटी खाली ठेवली असं म्हणायला लागू नये म्हणून त्याला काहीतरी येणार असायला हवं होतं. येणार आहे म्हटलं की थांबलेल्या माणसाला कोणी थकलेला म्हणत नाही. मला दया आली आणि रागही आला. त्याने मला तरी सांगायला हवं होतं. पण नवऱ्याचं मी तरी कोणाला सांगितलं होतं?

मी त्याच्या हातातून पाटी घेतली. त्याने सोडली. उरलेली गोणी मी धुतली. तळाला काळ्या चुरात पिवळी रेघ आली, नखाएवढी. दुसऱ्या दिवशी मी ती वाळवून कागदावर घेतली आणि भावाला चाचांकडे पाठवलं, मशीन परत आण म्हणून. कागदावर मशीन धरलं. वाजलं नाही. डोळ्यांना दिसत होतं, मशीनला नाही.

"इतका बारीक चूर त्याला पकडता येत नाही," मी म्हटलं.

"येणारं वेगळं शे," भाऊ म्हणाला.

चाचा म्हणाले, "आयेगा तब देखेंगे, भाई," आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मी तिथे पंधरा दिवस राहिले. भावजयीला पाटी शिकवली. पहिले चार दिवस तिने सोनं आणि माती दोन्ही एकत्रच घालवलं. मी तिच्या मनगटावर चापट मारायचे. ती म्हणाली, "अक्का, माझं वय बघा." मी म्हटलं, माझं बघ. भाऊ पायरीवर बसून आधी नुसता बघायचा, मग चुका काढायला लागला. त्याचा हात गेला होता, नजर नाही. "वाकडी धर. अजून. पाणी कमी," असं तो बसल्या जागेवरून सांगायचा, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं सांगायचा. पारा मी घरातून काढून टाकायला लावला. चूर तसाच पेढीवर न्यायचा, त्यांची भट्टी आहे, त्यांनी गाळावा. थोडी घट धरतील, धरू देत.

मग मी जळगावला परतले, माझंही काम होतं. दसऱ्याच्या आधी पाच दिवस पुन्हा गेले. तोवर भावजयीने निम्म्या गोण्या संपवल्या होत्या. आम्ही तिघं पेढीवर गेलो.

सराफाने पुडी उघडली. "चूर? गोळी का नाही?"

मी म्हटलं, "पारा बंद केला आमच्याकडे."

"बरं केलं. पण धुतलं कोणी?"

यालाच भाऊ सहा महिने भीत होता. खोटं बोलायला सोपं होतं. मी तयारच होते, मी धुतलं म्हणायला. भाऊ गादीच्या कडेला हात दाबून बसला होता, हलू नये म्हणून. भावजयीकडे बघून तो म्हणाला, "हिने धुतलं. माझा हात गेला."

सराफाने पुडी परत मिटली. मग म्हणाला, "तुझ्या चुलतभावाने मला हे आषाढातच सांगितलं होतं. तेव्हापासून तो तिन्ही कारखाने मागतोय. तू येशील, सांगशील म्हणून थांबलो होतो. त्यानंतर तू आलाच नाहीस. एक कारखाना मी त्याला बोलून बसलो. तो शब्द आता फिरवता येणार नाही."

"आणि दोन?" मी विचारलं.

त्याने चूर आत भट्टीवर पाठवला. तासभर आम्ही बाकावर बसलो. गोळी बाहेर आली, ती त्याने चिमटीत धरून उजेडात पाहिली आणि भावजयीकडे वळला. आजवर त्या पेढीवर तिच्याशी कोणी बोललं नव्हतं.

"परवा सकाळी दुकान उघडायच्या आधी या, वहिनी. दोन कारखान्यांची सफाई आहे. माणूस लागला तर घेऊन या."

बाहेर आल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "तिसरा सगळ्यात चांगला होता." खरं होतं. त्या कारखान्यात पॉलिशचं काम जास्त. लवकर सांगितलं असतं तर वाचला असता. हे त्यालाही कळत होतं, म्हणून मी म्हटलं नाही.

सफाईच्या दिवशी मी जळगावात होते, आमच्याकडेही तेच चालू होतं. संध्याकाळी भावजयीचा फोन आला. चुलतभाऊ तिसऱ्या कारखान्यात फरशी खरवडत होता. तिला पाहून त्याने विचारलं होतं, "पाटी आते कोनी शे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मनी शे, माझी. आणि झाडायला लागले."

भाऊ दारात बसून मोबाईल बघतोय, असं तिने सांगितलं. आता म्हणतो मशीन गुढीपाडव्याला येणार. मी म्हटलं, येऊ दे. मग ती शेवटच्या पाण्याचं विचारायला लागली. काळा चूर जायच्या वेळेला पाटी किती तिरकी धरायची, अंगठा आत की बाहेर. मी दोनदा सांगितलं, तिला समजेना. ते फोनवर सांगता येत नाही. मी म्हटलं, येते रविवारी.