चाकांवरच्या भिंती

आमच्या प्रशिक्षण संस्थेत नळजोडणी शिकवणाऱ्या सरांना सगळे 'नळसर' म्हणतात. मी इथला कार्यालय अधीक्षक. त्यांच्या नेमणुकीचं पत्र माझ्याच हातून गेलं. तीस वर्षं लोकांच्या घरी नळांवर पाने फिरवल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून ते शिकवायला आले.

वर्ग म्हणून त्यांना जुनं कोठार मिळालं. पहिल्याच महिन्यात त्यांनी प्लायवूडच्या सहा भिंती करून घेतल्या आणि प्रत्येकीला खाली चाकं लावली. कुठल्या भिंतीवर सिंक, कुठल्या भिंतीवर बेसिन, एकीवर फ्लशची टाकी. पाणी रबरी नळीनं येई आणि बादलीत जाई. दर सोमवारी मुलं यायच्या आत ते भिंती फिरवत. गेल्या आठवड्यात ऐसपैस असलेलं स्वयंपाकघर या आठवड्यात दोन हातांचं होई आणि पाणी बंद करायचा कॉक कुठल्या तरी अडनिड्या कोपऱ्यात जाऊन बसे. तो कुठे आहे, हे सर कधीच सांगत नसत. शिवाय कँटीनच्या मावशींना ते घरमालकीण म्हणून बोलावत. मावशींना भलताच चेव येई.

"आधी पायपुसण्यावर पाय पुसा! दहाला येतो म्हणालात, वाजले किती? आणि ठोकाठोक करू नका, बाळ झोपलंय."

"बाळ कुठून आणलंत, मावशी?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या फायलीत बघा, सापडेल," त्या म्हणाल्या.

हा खटाटोप कशासाठी, ते सरांनी एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण टेबलावर झालं होतं. नळ कमरेइतक्या उंचीवर, उजेड भरपूर, कॉक नाकासमोर. पहिल्याच घरी समोर दिसला तो कॉक त्यांनी बंद केला आणि नट सैल केला. कॉक निघाला भलत्याच नळाचा. पाणी स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत गेलं. घरातली म्हातारी पाय वर घेऊन पलंगावर बसली होती. एक शब्द बोलली नाही. शेवटी तिनं स्वतःचा टॉवेल पुढे केला.

"ओरडली असती तर मी विसरून गेलो असतो, भाऊसाहेब," सर म्हणाले.

मग संस्थेची नवी इमारत मंजूर झाली. आर्किटेक्ट बाईंनी नळजोडणीच्या वर्गाचा नकाशा पाठवला. मोठमोठ्या खिडक्यांचा हॉल, भिंतीलगत बारा सिंक पक्की बसवलेली, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाचा कॉक समोर. मला तो नकाशा फार आवडला, हे कबूल करतो. नळसरांनी चष्मा लावून तो पाहिला आणि घडी घालून परत दिला.

"असं घर मी तीस वर्षांत एकही पाहिलं नाही. हेच होणार असेल तर मी आपला परत कामाला जातो."

त्या गुडघ्यांनी ते कुठे जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. प्राचार्यांनी एवढंच केलं, की गुरुवारी नकाशावर सह्या होण्याआधी इमारत समिती सरांचा वर्ग बघून जाईल, असं ठरवलं. एकदा सह्या झाल्या की फरशीखालचे पाइप टाकायला सुरुवात होणार होती.

आता माझी चूक. समितीपुढे वर्गाची अब्रू जाऊ नये म्हणून बुधवारी संध्याकाळी शिपायाला घेऊन मी कोठारात गेलो. भिंती ओळीनं कडेला लावल्या, फरशी पुसून घेतली आणि प्रत्येक कॉकवर छापील चिठ्ठी चिकटवली: सिंक, बेसिन, टाकी. सगळं कसं जागच्या जागी झालं. मी समाधानानं घरी गेलो.

सकाळी सर दारातच थबकले. "भाऊसाहेब, घर आवरलंत की हो."

समिती यायला पाऊण तास होता. ते रागावले नाहीत. मुलांना बाहेरच थांबवून, शिपायाला हाक मारून भिंती पुन्हा फिरवल्या, नळ्या काढून अदलाबदल करून जोडल्या. मी घाईघाईनं चिठ्ठ्या काढायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या. घरोघरी कुणीतरी असल्या चिठ्ठ्या लावलेल्या असतातच."

समिती आली, सोबत आर्किटेक्ट बाईही. मावशींनी प्राचार्यांनाही पायपुसण्यावर उभं केलं. सर आर्किटेक्ट बाईंना म्हणाले, "मॅडम, सिंकचा नळ गळतोय. मी तो खोलतो, तुम्ही तेवढं पाणी बंद करता?"

बाईंनी 'सिंक' लिहिलेला कॉक शोधून घट्ट फिरवला. "झालं."

"नक्की?"

"लिहिलंय की त्याच्यावर!"

सरांनी नट सैल केला. पाण्याची धार बाईंची बाही भिजवून सरळ प्राचार्यांच्या बुटांवर.

"माझी फरशी! अहो, बाळ उठेल!" मावशी किंचाळल्या.

वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी पुढे झाली. टाकीच्या भिंतीमागच्या फटीत अंगाची घडी करून शिरली, पाइपांवर हात फिरवत गेली आणि पाणी थांबलं.

"तुला कसं कळलं?" बाही पिळत बाईंनी विचारलं.

"पाणी वाहत असलं की पाइप हाताला थरथरतो. आणि सर कधी चिठ्ठ्या लावत नाहीत. त्या दिसल्या तेव्हाच संशय आला."

मी प्राचार्यांच्या बुटांकडे बघत राहिलो. वर बघायची हिंमत नव्हती.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या नकाशावर खोडाखोड केली. बाराही सिंक गेली. पाण्याचे पाइप छताखालून, फरशीत जाळीनं झाकलेल्या पन्हळी, बाकी सगळी जमीन मोकळी. सरांना छतही खाली हवं होतं आणि अर्ध्या खिडक्या बुजवायला हव्या होत्या. ते नियमात बसेना. "अंधाराचं मी बघतो," म्हणाले, आणि पुढे खरंच जाड पडदे शिवून आणले.

नव्या हॉलमधल्या पहिल्या सोमवारी मावशी रजेवर होत्या. सर माझ्या टेबलाशी आले.

"आज घरमालक तुम्ही."

"मला नाही हो ओरडता येत."

"ओरडायचं नाहीच. पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. काही झालं तरी बोलायचं नाही."

सरांनी हॉलमध्ये कुठूनसा एक जुना पलंग आणून ठेवला होता, त्यावर मी जाऊन बसलो. नव्या तुकडीत चाळिशीचा एक विद्यार्थी होता, आधी टॅक्सी चालवायचा. त्यानं समोर दिसला तो कॉक बंद केला आणि नट सैल केला. पाणी फरशीवरून पलंगाकडे आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सॉरी हं, साहेब."

मी पाय आणखी जवळ ओढले.

"साहेब, बोला ना काहीतरी!"

सर पडद्याशी उभे होते, जागचे हलले नाहीत. माझ्या उशाशी त्यांनी न सांगता एक टॉवेल ठेवला होता. मी तो त्या माणसापुढे धरला.

त्यानं तो घेतला आणि खांद्यावर टाकला. मग ओल्या फरशीवर गुडघे टेकले, पाइपावर तळहात ठेवला आणि तो हळूहळू भिंतीमागे सरकू लागला.