दोन ठोके

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक नळाला बांधलेलं, दुसरं ठोकेकाकांच्या मुठीत. बायको गेल्यापासून ते चादर अशीच पिळत. नळ काही तिच्यासारखा उलट्या बाजूने पीळ देत नाही, पण निदान कुरकुर तरी करत नाही, असं ते म्हणायचे. तेवढ्यात फोन वाजला. मागच्याच गल्लीत राहणाऱ्या वहिनी होत्या.

"भाऊजी, हॉटेलवाले आलेत जीप बघायला. म्हणतात, तुमचे दीर सांगतील तो भाव. लगेच या. आणि..." वहिनींचा आवाज खाली आला, "जरा घरच्यासारखं सांगा."

चादर तशीच लोंबकळत ठेवून, साबणाचे हात विजारीला पुसत काका निघाले.

त्यांचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं. डोंगरदऱ्यांतून चालणारी जुनी जीप कुणाला घ्यायची-विकायची असली की काकांना बोलावणं येई. खिशात बोटभर हातोडी. रंगाकडे ते बघत नसत. गाडीला कान लावून पत्रा ठोकत. जुना जाड पत्रा खणखणीत बोले, नवा पातळ पत्रा टणटण करी आणि रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेला खड्डा नुसता थड म्हणे. मग घेणारा आणि देणारा, दोघांना समोर उभं करून ते एकदाच भाव सांगत. कुणाला बाजूला घेऊन नाही, कुणाच्या कानात नाही. "देवापुढे खोटं बोललो तर तो एक वेळ समजून घेईल," ते म्हणत, "गिऱ्हाईक नाही घेणार." त्यामुळे त्यांना मान होता आणि मित्र बेताचेच होते.

ही विद्या थोरल्या भावाची, दादाची. दादा खाणीवर जीप चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा तीच जीप त्याने लिलावात घेतली आणि पोटच्या पोरासारखी जपली. गॅरेजात दोघे भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे राहत. दादाने एकदा ठोकलं की माल अस्सल, दोनदा ठोकलं की नकली. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायची गरजच नसे.

आता दादाला झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पडून पडून पाठीला जखम झाली, ती हाडापर्यंत पोचली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका, आणि पैसे आधी भरा. घरात विकण्याजोगी एकच गोष्ट उरली होती.

काका फाटकाशीच थबकले. अंगणात एक हिरवीगार गाडी आरशासारखी चमकत होती.

"ही कुणाची?"

"कुणाची काय, आपलीच," वहिनी म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं. "नवी दारं, नवं बॉनेट, नवा रंग. शिवणयंत्र विकून करून घेतलं. ती चेपलेली, गंजकी गाडी कोण घेणार होतं? तुम्हाला विचारलं असतं तर खर्चाला नको म्हणाला असता."

"आणि जुनी दारं?"

"भंगारवाल्याला दिली. तीही मेल्याने उपकार केल्यासारखी नेली."

हॉटेलवाले पुढे आले. भला माणूस, पोट सांभाळत चालणारा. "या काका. नुसती नवरी दिसतेय हो! माझ्या हॉटेलच्या दारात उभी करायचीय. पण अस्सल हवी बरं का. सहा लाख मनात धरून आलोय. तुम्ही हो म्हणा, आत्ता देतो."

काकांनी हातोडी काढली. बॉनेट: टणटण. दारं: टणटण. उताणे पडून ते खाली सरकले. सांगाडा खणखणीत बोलला, जुन्या ओळखीच्या माणसासारखा. मग आत, स्टिअरिंगमागच्या फळीवर जिथे कारखान्याची पितळी पट्टी असायची, तिथे त्यांनी ठोकलं. थड. पट्टी गेलेली, भोकं लांबीने बुजवलेली.

हॉटेलवाल्यांना यातलं काही कळत नव्हतं. ते रंगात आपलं तोंड बघत होते. वहिनी हात घट्ट धरून उभ्या होत्या, ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असाव्यात. एक शब्द बोलायचा होता. सहा. काकांनी तोंड उघडलंही.

खिडकी उघडी होती आणि खिडकीखालीच दादाची लोखंडी खाट होती. आतून आवाज आला. टक. टक.

दोन.

काकांनी हातोडी खिशात ठेवली. "इंजिन आणि सांगाडा मूळचे आहेत," ते म्हणाले. "वरचं सगळं नवं. कारखान्याची पितळी पट्टीही गेली. अडीच."

हॉटेलवाल्यांचा चेहरा पडला. "मग मला नको, काका. नवी गाडी तर कुणीही उभी करेल. जुनी दारं, बॉनेट, ती पट्टी आणून द्या, माझा सहाचा शब्द कायम. पण उद्यापर्यंतच. दुसरीकडे एक बघून ठेवलीय."

ते गेले. वहिनी रडल्या नाहीत. "दोनदा वाजवलं ना त्यांनी?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं ऐकतेय, मला कळतं. आता त्यांनाच विचारा, पाठ कशाने शिवायची ते. आणि दारं, पट्टी सगळं भंगारवाल्याकडेच गेलंय, त्याचा माल आज संध्याकाळी भट्टीवर जातो, तेही सांगा."

काका आत गेले. खोलीला जखमेचा वास होता. दादाच्या डाव्या हातात औषधाचा चमचा होता.

"गप्प राहिला असतास तर काय झालं असतं रे?"

दादाने भिंतीकडे तोंड केलं.

सायकल न्यायला काका घरी आले. नळाची चादर उन्हाने पिळातच वरून वाळून काठीसारखी कडक झाली होती, साबणासकट. पुन्हा भिजवावी लागणार होती. ती तशीच सोडून त्यांनी सायकल बाहेर काढली. ट्रक भरायच्या आत भंगारवाल्याकडे पोचायचं होतं.