कॅमेऱ्यावरचा पापुद्रा

मोबाइलच्या दुकानात चार्जर घ्यायला गेलो होतो. शेजारी एक बाई लेकीबरोबर फोन बघत होत्या. "स्वस्तातला द्या, पण फोटो छान आले पाहिजेत." दुकानदाराने नवा फोन काढला आणि कॅमेऱ्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा नखाने सोलायला घेतला.

"अहो, राहू द्या की! नवा राहील."

"मावशी, सोफ्याची कव्हरं ठेवा तशीच. हे ठेवलंत तर फोटोत नुसतं धुकं दिसेल."

लेक हसली. मला हसू आलं नाही.

माझ्या पत्नीनेही आमच्या फोनवरचा पापुद्रा असाच जपला होता. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिकची पिशवी असे. फोटो पुसट आले की ती म्हणायची, "स्वस्तातलं असंच असायचं." मलाही ते खरं वाटे. आपल्याला परवडलं ते कमअस्सलच असणार, हे आपल्यासारख्यांना किती सहज पटतं! तिच्या शेवटच्या वर्षातले सगळे फोटो त्याच फोनवर आहेत, धुक्यातले.

घरी येऊन त्या फोनवरचा पापुद्रा काढला. खिडकीबाहेरच्या शेवग्याचा फोटो घेतला, तर पानन् पान स्वच्छ उमटलं. इतका स्वस्त फोन, आणि इतका चांगला. फक्त, "जरा हस की," असं जिला म्हणायचं, ती आता समोर नव्हती.