सोडते म्हणणाऱ्यांचा दर

आमच्या काउंटरवर एक नियम आहे, तो कुठेही लिहिलेला नाही. ग्राहक एकदा म्हणाला की दर फार झाला, तर नुसतं ऐकून घ्यायचं. दुसऱ्यांदा म्हणाला तर कंपनीचा खर्च कसा वाढलाय ते सांगायचं. आणि "मग बंद करा" म्हणाला की खुर्ची पुढे ओढायची आणि म्हणायचं, "असं नका करू हो, थांबा जरा, तुमच्यासाठी काही होतंय का बघते." बघायचं काहीच नसतं. सूट आधीपासून समोरच्या स्क्रीनवर तयार असते. फक्त ती राहणाऱ्याला द्यायची नसते, जाणाऱ्याला द्यायची असते.

चौदा वर्षं मी हेच करते आहे. रत्नागिरीत घरोघर इंटरनेट पुरवणारी आमची कंपनी, आणि नूतनीकरणाचं टेबल माझं. वर्षाचे पैसे संपत आले की माणूस समोर येऊन बसतो नाहीतर त्याचा फोन येतो, आणि घासाघीस सुरू. सकाळी दहाला जी सुरू होते ती शटर पडेपर्यंत. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने नुसतं "भाजी कुठली?" विचारलं तरी मला वाटतं, हा आता काहीतरी कमी करून मागणार. बिचारा आता विचारतच नाही, मिळेल ते खातो.

स्क्रीनवर प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. भांडणाऱ्याचा पिवळा. जाईल असं वाटतं त्याचा लाल. आणि जुना, शांत, वेळेवर पैसे भरणारा असेल त्याचा हिरवा. हिरव्यांचा दर दरवर्षी थोडा थोडा चढतो, मोबाइलवर मेसेज जातो आणि ते मुकाट भरतात. आमचे साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत. आल्या आल्या त्यांनी मला शिकवलं होतं, "मॅडम, हिरव्याला हात लावायचा नाही. झोपलेल्या माणसाला उठवून सूट देतात का कोणी?" मी मान डोलावली. चांगली पगारी मान आहे माझी, डोलते.

मला या सगळ्याची चीड येते ती मासळीबाजारात गेल्यावर. माझी मासेवाली ठरलेली आहे, वीस वर्षं तिच्याकडूनच घेते. मी लांबून दिसले की ती टोपलीतले बरे बांगडे माझ्यासाठी फडक्याखाली सारते, आणि मासे बर्फातले शिळे असले तर हळूच म्हणते, "आज नको गो घेव, उद्या ये." नवख्याच्या गळ्यात तेच मासे मारते, तेही चढ्या भावात. तिच्याकडे जुनं गिऱ्हाईक म्हणजे आपलं माणूस. आमच्याकडे जुनं गिऱ्हाईक म्हणजे कुठे जात नाही असा माणूस. तिला काही कोणी ट्रेनिंग दिलेलं नाही.

तर बाई. मला सातवीला वर्गावर होत्या. मी काउंटरवर बसायला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी आमची लाइन घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी स्वतः येऊन पैसे भरायच्या. फोनवरून भरता येतात हे मी दहा वेळा सांगितलं असेल. "तेवढीच तुझी भेट होते," म्हणायच्या. त्यांचा ठिपका इतका हिरवा, की त्याहून हिरवं काही कंपनीकडे नसेल.

बाईंचे यजमान मूळचे गुहागरकडचे, तीस वर्षं बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. निवृत्त होऊन घरी आले आणि त्यांना एक नाद लागला. जगातल्या मोठमोठ्या बंदरांवर कॅमेरे लावलेले असतात, त्यांचं चित्र चोवीस तास नेटवर चालू असतं. काका टीव्हीसमोर खुर्ची टाकून ते बघत बसायचे. कुठली बोट आत आली, कुठली सुटली, कुणाचा रंग उडालाय. बाई हसून सांगायच्या, "घरी आलेत, पण अजून उतरलेले नाहीत."

मग काकांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं टिकवायचं. त्या वर्षी बाईंनी आमचा सगळ्यांत मोठा प्लॅन घेतला, म्हणजे टीव्हीवरचं चित्र मोठं आणि स्वच्छ येईल. पैसे मोजताना म्हणाल्या, "दिसतंय तोवर पोटभर बघू देत." मी पावती फाडली. त्या प्लॅनचा खरा दर किती खाली येऊ शकतो ते मला तोंडपाठ होतं.

गेल्या वर्षी बाई आल्या तेव्हा महिन्याची अठ्ठावीस तारीख होती. हे मला नीट आठवतं, कारण जाणाऱ्याला द्यायच्या सवलती महिन्याला मला दहाच देता येतात आणि दहावी मी त्याच सकाळी देऊन बसले होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतले एक कारखानदार आहेत. दरवर्षी फोन करतात, दरवर्षी कंपनी सोडतो म्हणतात, मध्ये एकदा खरोखर सोडून परतही आलेत. पाच मिनिटं त्यांनी माझा उद्धार केला आणि मी त्यांना जवळजवळ निम्म्यात दिलं. फोन ठेवला आणि वर बघितलं, तर समोर बाई. पिशवी मांडीवर, चेहरा उतरलेला.

"थेंब बदललेत गं यांचे," त्या म्हणाल्या. "फार महाग आहेत. तेव्हा यंदा लहान प्लॅन दे."

मी म्हटलं, "बाई, लहान प्लॅनवर फोन चालेल, निरोप येतील, पण टीव्हीवरचं चित्र अडकेल. काकांचं कसं होणार?"

"अडकू दे अधूनमधून. थेंब आधी."

मी मागे बघितलं. साहेब काचेच्या केबिनमध्ये फोनवर होते, पण दार उघडं होतं. मी आवाज खाली आणला. "बाई, दुसऱ्या कंपनीकडे विचारलंत का?"

"कशाला? तू आहेस ना इथे."

"तसं नव्हे. नुसतं म्हणायचं हो. सोडते म्हणून."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, सातवीत बघायच्या तसंच. "सोडायचं नाहीये, तर सोडते असं कसं म्हणू?"

यावर बोलण्यासारखं होतं, एकच वाक्य होतं. चार दिवस कसेबसे मोबाइलवर काढा आणि एक तारखेला या. एक तारखेला माझ्याकडे पुन्हा दहा सवलती येणार होत्या. त्यांनी तोंडाने सोडते म्हणायचीही गरज नव्हती, तेवढं खोटं मी लिहिलं असतं. कोण तपासायला येणार होतं? मला साहेबांची भीती वाटली असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते, पण ते काही खरं नाही. मी दमले होते. सकाळपासून पंचवीस जणांशी भांडून झालं होतं, महिनाअखेरीचा ताळमेळ डोक्यावर होता, डबा उघडायचा राहिला होता. आणि बाई काही मागतच नव्हत्या. न मागणाऱ्याचं काम पटकन होतं. मी लहान प्लॅनची पावती फाडली आणि त्या "येते गं" म्हणून गेल्या. मी डबा उघडला.

वर्षभर मधूनमधून मनात यायचं. फोन करू या, म्हणू या की बाई, काहीतरी करता येईल. पण वर्षाचे पैसे भरल्यावर मध्येच प्लॅन बदलायचा म्हणजे कटकट, वर साहेबांना कारण सांगा. उद्या बघू, उद्या बघू, असं करत वर्ष गेलं.

यंदा बाई आल्या त्या तीन तारखेला. मी मनात म्हटलं, बरं झालं, दहाच्या दहा सवलती हातात आहेत, या खेपेला मी कोणाला विचारत नाही. त्यांनी पिशवीतून आमचा डबा काढला, नेटचा, वायर नीट गुंडाळून वर रबरबँड लावलेला. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "बंद करायचंय."

मला इतका आनंद झाला. वाटलं, शिकल्या एकदाच्या. कोणीतरी सांगितलेलं दिसतंय, डबासुद्धा आणलाय दाखवायला, असं तर ते कारखानदारही करत नाहीत. मी खुर्ची पुढे ओढली आणि लागले. आधी दोन महिने फुकट म्हटलं. बाई गप्प. मग मोठा प्लॅन लहानाच्या दरात म्हटलं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. चौदा वर्षांत मी एवढी कसलेली गप्प बसणारी बघितली नव्हती. मी उठून साहेबांकडे गेले आणि त्यांच्याशी हुज्जत घातली. हातातून जातंय म्हटलं, अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे, कोणाला दिला नसेल असा दर द्या. त्यांनी वैतागून दिला. सगळ्यांत मोठा प्लॅन, निम्म्याहून कमी. मी जवळजवळ धावत टेबलापाशी आले आणि आकडा सांगितला.

"अगं," बाई म्हणाल्या, "यांना आता दिसत नाही. दिवाळीपासून. काहीच नाही. बातम्या ऐकायला रेडिओ पुरतो."

मी डब्यावरचा रबरबँड काढला आणि परत लावला.

मग बाईंनी विचारलं, "हा दर आजच निघाला?"

खोटं बोलता आलं असतं. नवी स्कीम आहे म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विश्वास ठेवला असता. पण माझ्याच्याने झालं नाही. "नाही, बाई. जवळजवळ एवढाच गेल्या वर्षीही होता. फक्त त्या दिवशी माझ्याकडचा संपला होता. एक तारखेला नवा येणार होता."

"म्हणजे चार दिवसांनी."

"हो."

त्यांनी बंद करायचा फॉर्म पुढे ओढला आणि वळणदार अक्षरात भरला. सोडण्याचं कारण विचारलेलं असतं, तिथे काहीच लिहिलं नाही. सही करून पेन माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "बाई, रागावलात?"

"नाही गं, राग कसला. दमलेय." उठताना त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला. "तू नुसतं म्हणायचं होतंस, एक तारखेला या. मी आले असते."

सोडून गेलेल्यांची यादी आठवड्याने वरून येते. त्यांना फोन करून परत बोलवायचं असतं, आणि त्यांच्यासाठीचा दर सगळ्यांत कमी असतो, आतल्यांना कधी स्वप्नातही दिसत नाही इतका. त्या यादीत बाईंचा नंबर होता. ठिपका लालभडक. मी तो दोन दिवस खाली ढकलला. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, हा एक कसा राहिला? मग लावला.

फोन काकांनी उचलला. बाई औषधं आणायला गेल्या होत्या. मी कुठून बोलते ते सांगितलं आणि पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं.

"तू हिची विद्यार्थिनी ना गो? ही नेहमी सांगते. चांगलं चालवलंत हो तुम्ही इतकी वर्षं. आता मला दिसत नाही म्हणून बंद केलं, तुमचा काही दोष नाही."

मी हूं म्हटलं. बाईंनी घरी काही सांगितलं नव्हतं.

"एक काम करशील?" ते म्हणाले. "तुझ्यासमोर कॉम्प्युटर असेल. हॅम्बुर्गचं बंदर लाव. मोठी कंटेनरची बोट आत घेताना तिला ओढायला हल्ली टगबोटी किती लावतात, ते मला बघायचं होतं. आमच्या वेळी दोन असायच्या. दिसत होतं तोवर रोज बघायला बसलो, पण नेमकी बोट वळायला लागली की चित्र थांबायचं. सुरू होईतो ती धक्क्याला लागलेली असायची."

मी हॅम्बुर्ग लावलं. नदीत बोट होती, पण लांब होती. काका म्हणाले, थांबतो मी. पंधरावीस मिनिटं आम्ही दोघं फोन धरून बसलो. समोर दोन माणसं येऊन बसली होती, त्यांना मी हातानेच थांबवलं. साहेबांनी केबिनमधून बघितलं तेव्हा त्यांनाही तोच हात दाखवला. बोट हळूहळू मोठी झाली आणि वळायला लागली.

"तीन आहेत, काका. पुढे एक, मागे दोन."

"तीन," ते म्हणाले. "बोटीच तेवढ्या मोठ्या झाल्या म्हणायच्या." मग त्यांनी विचारलं, "तुला सलग दिसतंय? मध्ये कुठे अडकत नाही?"

"नाही, काका," मी म्हटलं. "कुठेच अडकत नाही."