पहिला मान तुळजाला

हसणार नसाल तरच सांगतो. माझा राग अजून उतरलेला नाही. सुरुवातीला तो होता सेल्वम मास्टरांवर.

मास्टर म्हणजे आमच्या तुळजाच्या कॉलेजातले बेसबॉलचे कोच. हो, बेसबॉल! तंजावरात! त्यात हसण्यासारखं काय आहे? माझी मुलगी पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारी. समोरची बॅट फिरवते तोवर चेंडू मागच्या कॅचरच्या हातात!

पण हे मास्टर तिला उतरवायचे कधी? शेवटी! सुरुवातीपासून ती दुसरी पिचर, भुवना, टाकणार, आणि ती दमली की आमची तुळजा. तोवर बाकावर बसून राहा.

आता तुम्हीच सांगा, कोणाला सहन होईल? आम्ही तंजावरचे मराठी. राज्य गेलं, पण मानपान काही सुटला नाही. देवळाच्या उत्सवात पहिला प्रसाद कोणाला, यावरून माझे दोन चुलते आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत. लग्नात दुसऱ्या पंगतीला बसवलं तर आम्ही न जेवता परत येतो. आणि माझी मुलगी दर मॅचला शेवटच्या पंगतीत?

"अप्पा, मला शेवटीच टाकायला आवडतं," तुळजा म्हणाली.

मी कशाला ऐकतोय! आमच्या घरातल्या बायका पोटात कावळे कोकलत असतानाही "तुमचं होऊ दे आधी" म्हणतात. ही त्यांचीच लेक. तडक मैदानावर गेलो.

"मास्टर, माझी मुलगी काय उरलंसुरलं खायला येते इथे?"

"अय्यो सार, तसं नाही! ती थोडाच वेळ टाकते, पण काय जोरात! शेवटी मॅच अडकली की तीच सोडवते. आणि शनिवारी युनिव्हर्सिटीचे सिलेक्टर येताहेत, त्यांना मी..."

"सिलेक्टर येणार आणि ही बाकावर? शनिवारी पहिला चेंडू तुळजाचा! नाहीतर उद्यापासून ती घरी!"

मास्टरांनी कपाळाला हात लावला. "सरी सार," म्हणाले. म्हणजे ठीक आहे. मी मिशीला पीळ देत घरी आलो.

शनिवारी पापनाशमच्या मुलींशी मॅच. तुळजाने सुरुवातीलाच त्यांची दाणादाण उडवली. "माझी मुलगी, माझी मुलगी!" मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो.

मग हळूहळू तिचा हात जड झाला. चेंडू मंदावला. पापनाशमच्या मुली तो उचलून थेट नारळीच्या बागेत धाडायला लागल्या! तुळजाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नारळ मोजायला लागलो. अखेर मास्टरांनी तिला बाहेर काढून खांद्याला बर्फ लावला आणि भुवनाला पाठवलं.

आणि मॅच संपत आल्यावर सिलेक्टर उगवले! मी भडकलोच. "ही काय यायची वेळ झाली?"

त्यांच्यातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मास्टरांनीच आधीपासून ही वेळ दिली होती, सार. सुरुवात करणाऱ्या आमच्याकडे पुष्कळ आहेत. आम्हाला शेवट करणारी हवी. ती तुळजा कुठे आहे?"

मी मास्टरांकडे धावलो. "मास्टर! उतरवा तिला, उतरवा!"

"नाही येत उतरवता, सार. बाहेर काढलेली मुलगी त्या मॅचमध्ये पुन्हा आत येत नाही. बेसबॉलचा नियमच आहे."

"हा कसला नियम? आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत, सार?"

अडकलेली मॅच सोडवली भुवनाने. निवडही तिचीच झाली! म्हणजे जिला हटवायला मी घसा फोडला, तिलाच मी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नेऊन बसवलं. वर तिचे वडील केळ्यांचा फणा आणि पानसुपारी घेऊन माझे आभार मानायला घरी आले. का नाही येणार राग?

 पुढच्या मॅचच्या सकाळी तुळजा स्वतःहून म्हणाली, "अप्पा, मास्टरांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय."

"पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली ना?"

"नाही. तुम्हाला राखीव ठेवलंय. मॅच अडकली तर बोलावतील."

मी वेष्टी नेसून, चपला घालून, दारात तयार बसून राहिलो. ऊन कलल्यावर मॅच जिंकून पोरगी हसत घरी आली.

माझी गरजच पडली नाही म्हणे!